मागाहून आलेल्याचें पान

उंब्रज येथें कृष्णेला तारळी मिळते. संगमावर मोठी नदी कोण आणि धाकटी कोण हें पाणी विचारीत नाहीं. कांठावर राहणाऱ्या माणसांस मात्र तो प्रश्न जन्मभर सुटत नाहीं, आणि त्याचा प्रत्यय आम्हांस गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्याच परसांत आला.

वाड्यामागील परसांत हुतूतूचे दोन संघ कित्येक वर्षें खेळत आले आहेत. एक वरच्या आळीचा, दुसरा खालच्या आळीचा. पुण्यामुंबईहून सुटीला येणारीं नातवंडें आणि पुतण्यांचीं मुलें आपापल्या आळींत सामावून जातात, आणि दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी होतात. यंदा हमरस्त्याकडे झालेल्या नव्या घरांतून चार मुलगे आले व "आमचाही संघ घ्या" म्हणूं लागले. हुतूतूला सात गडी लागतात. चारांचे सात कसे व्हावे? तेव्हां जुन्या संघांनीं उदारपणाचा आव आणून आपापले दोन-दोन गडी नव्यांस देऊं केले. ते कोणते म्हणाल, तर एक दम न टिकणारा, एक पाय मुरगळलेला, एक पुस्तकांतून डोकें वर न काढणारा, आणि चौथा आमच्या धाकट्या पुतण्याचा नऊ वर्षांचा मुलगा, ज्यास कोणी गणतींतच धरीत नसे. तो मुलगा रडत माजघरांत आला आणि पदरांत तोंड खुपसून म्हणाला, "आजी, त्यांनी मला देऊन टाकलं!" तिकडे नव्या घरांचा पुढारी अंगणांत उभा राहून आम्हांस विचारीत होता, "आजोबा, आम्ही खेळायला आलोय, का ह्यांचा गाळ उपसायला?"

दोघांची तक्रार एकाच व्यवहाराविषयीं होती, आणि निवाडा आमच्याकडे आला. आम्हीं एका रात्रीची मुदत मागून घेतली. मुलांस वाटलें, आजोबा वेळ काढीत आहेत. परंतु प्रश्न खरोखरच लहान नव्हता. जेथें जेथें खेळ हा पोटाचा उद्योग झाला आहे, तेथें तेथें कोट्यवधि रुपये ओतून जाणत्या माणसांनीं ह्याच प्रश्नावर डोकें खाजविलें आहे.

प्रश्नाचें स्वरूप असें. एखाद्या स्पर्धेंत आठ-दहा संघ नांदत असतात, आणि त्यांत नवा संघ घ्यावयाचा ठरतो. तो प्रवेशाबद्दल मोठी रक्कम मोजतो आणि ती जुन्यांच्या पदरांत पडते. परंतु चांगले खेळाडू कांहीं पावसाबरोबर उगवत नाहींत. जे आहेत ते जुन्या संघांकडे आहेत. मग नव्यानें संघ कशाचा करावा? त्याला दोन वाटा असतात. एक, जुन्यांकडील तयार खेळाडूंतून कांहीं मिळविणें. दुसरी, दरसाल जे होतकरू तरुण प्रथमच पुढें येतात त्यांच्यांतून घेणें. अमेरिकेंत ह्या तरुणांची पाळीपाळीनें निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. आणि गतवर्षीं जो तळाला राहिला त्याची पाळी सामान्यतः आधीं येते, म्हणजे दुबळ्याला बळ मिळावें. ह्या दोन्ही रांगांत नवागतास कोठें उभें करावें, हाच काय तो वाद.

आपल्या घरांतून ह्या वादाला फार जुनें उत्तर आहे. भाऊ वेगळे होतांना एकानें वांटे पाडावे आणि दुसऱ्यानें आधीं उचलावा, ही रीत खेड्यांतील आजीलाही ठाऊक असते. वांटे पाडणाऱ्यास शेवटचा वांटा मिळणार असल्यामुळें त्याचा हात आपोआप सरळ चालतो. शास्त्राकडे पाहिलें तर स्मृतींत ज्येष्ठ भावास अधिक अंश सांगितलेला आढळतो. परंतु याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें ही विषम वांटणी लोकांस अप्रिय झालेली असल्यामुळें आचरूं नये असाच निर्णय दिला. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचा तो पंडित. मात्र "आम्ही आधींपासून आहों, म्हणून आम्हांला जास्त" ह्या म्हणण्याचा त्यानें केलेला निकाल आजही ताजा वाटतो. जुनेपणा हा मानाचा विषय आहे. ताटांतील वाढणीचा नव्हे.

आतां आपल्या पुण्याचेंच उदाहरण घेऊं. इंडियन प्रीमियर लीग 2008 मध्यें आठ संघांनिशीं सुरू झाली. 2010 च्या मार्चमध्यें दोन नव्या संघांचा लिलाव झाला, आणि पुण्याचा संघ 37 कोटी डॉलरांस गेला. आरंभीच्या आठांत सर्वांत महाग ठरलेल्या मुंबईच्या संघाची किंमत सुमारें 11 कोटी 20 लाख डॉलर होती, म्हणजे पुण्यानें तिच्या तिपटीहून अधिक रक्कम कबूल केली. पुढें जानेवारी 2011 मध्यें खेळाडूंचा मोठा लिलाव झाला. तत्पूर्वीं जुन्या प्रत्येक संघास चार खेळाडू राखून ठेवण्याची मुभा होती. मुंबईनें तेंडुलकर, हरभजन, मलिंगा व पोलार्ड राखले. चेन्नईनें धोनी, रैना, विजय व मॉर्केल. नव्या दोघांस मात्र लिलावापूर्वीं एकही खेळाडू घेतां येत नव्हता. नियम करणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, प्रत्येकाच्या 90 लाख डॉलरांच्या थैलींतून चार खेळाडू राखणाऱ्याचे 45 लाख वजा होत, आणि नव्यांची थैली भरलेली राही. हिशेब कागदावर बिनचूक होता. पण वांगीं निवडून झाल्यावर बाजारांत पोंचलेल्या गृहिणीच्या हातांत पैसे भरपूर असले म्हणून भाजी चांगली मिळते असें नाहीं, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. पुण्यानें युवराजसिंगास 18 लाख डॉलर दिले. संघ 2011 मध्यें दहांत नववा आला, 2012 मध्यें नवांत नववा, 2013 मध्यें नवांत आठवा. युवराजसिंग 2012 च्या हंगामांत कर्करोगावरील उपचारांमुळें खेळूं शकला नाहीं, हें दैवाचें देणेंही त्या अपयशांत मोजलें पाहिजे. पुढें नियामक मंडळाशीं पैशांचा वाद होऊन 2013 मध्येंच तो संघ संपला. त्याच्याबरोबर आलेल्या कोचीच्या संघानें तर एकच हंगाम पाहिला.

ह्याच पुण्याला दुसऱ्यांदा निराळ्या रीतीनें वाढण्यांत आलें. चेन्नई व राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठीं निलंबित झाल्यावर त्यांच्या जागीं पुणें व राजकोट असे दोन संघ आले, आणि 15 डिसेंबर 2015 रोजीं त्या दोन संघांच्या 50 खेळाडूंतून दोघांनीं आळीपाळीनें पांच-पांच निवडले. पुण्यानें प्रथम धोनीस उचललें, राजकोटनें रैनास. पुण्यानें अजिंक्य रहाणेस, राजकोटनें जडेजास. ही खऱ्या अर्थानें वांटणी होती. राजकोटचा संघ पहिल्याच वर्षीं साखळींत सर्वांच्या वर राहिला. पुण्याचा संघ पहिल्या वर्षीं आठांत सातवा आला, परंतु दुसऱ्या वर्षीं अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि मुंबईकडून अवघ्या एका धावेनें हरला. त्या रात्रीं आमच्या घरांत पुण्याच्या बाजूचे आणि मुंबईच्या बाजूचे असे दोन तट पडून दुसऱ्या दिवशीं सकाळचा चहा मुक्यानेंच झाला होता.

पुढें 2022 मध्यें अहमदाबाद व लखनौ असे आणखी दोन संघ आले. जुन्यांस ह्याही वेळीं चार खेळाडू राखण्याची मुभा होतीच. फरक एवढाच, कीं जुन्यांनीं न राखलेल्या खेळाडूंतून नव्या दोघांस लिलावापूर्वींच तीन-तीन निवडूं दिले. अहमदाबादकरांनीं हार्दिक पंड्या, रशीद खान व शुभमन गिल घेतले, आणि पहिल्याच वर्षीं चषक जिंकला. लखनौचा संघही पहिल्या चारांत आला. 2011 चा नियम आणि 2022 चा नियम ह्यांच्यांत अंतर केवळ तीन खेळाडूंचें आहे; परंतु पानावर मीठ आधीं वाढलें कीं नंतर, एवढ्याच अंतरानें पाहुण्याला घरचा स्वभाव कळतो.

एवढ्यावरून नियम सुधारला कीं यश ठेवलेलेंच, असें कोणी समजूं नये. आपल्या कबड्डीचेंच पहा. प्रो कबड्डीच्या स्पर्धेंत 2017 मध्यें आठ जुन्या संघांत चार नवे संघ मिळाले. जुन्यांस एकेक खेळाडू राखावयाचा, आणि नव्यांस लिलावापूर्वीं एकेक घेण्याची सवलत. चौघांसही नियम एकच. त्यांपैकीं गुजरात, हरियाणा व उत्तर प्रदेश हे तिघे बाद फेरींत पोंचले. गुजरात तर अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि पाटण्याकडून 55–38 असा हरला. चौथा तामिळनाडूचा संघ मात्र अजय ठाकूरसारखा नामांकित चढाईपटू घेऊनही आपल्या गटांत तळाला राहिला. यावरून दिसतें तें एवढेंच, कीं न्याय्य वांटणीनें नव्यास संसार मांडतां येतो. तो थाटतां येणें हें ज्याच्या-त्याच्या शहाणपणावर आहे. पंगतींत पान नीट वाढावें हा यजमानाचा धर्म. जेवणें हें पाहुण्याचें काम.

ह्या प्रश्नाचा सर्वांत खोल अनुभव मात्र उत्तर अमेरिकेंतील बर्फावरील हॉकीवाल्यांचा आहे. ध्यानचंदांनीं आपल्याला जिच्या प्रेमांत पाडलें ती ही हॉकी नव्हे. पायांत पात्यांचे बूट घालून रबराची चकती मारण्याचा हा खेळ आहे. तेथील राष्ट्रीय लीगमध्यें 1974 सालीं वॉशिंग्टनचा संघ नव्यानें आला. तरुणांच्या ड्राफ्टमध्यें त्याला अगदीं पहिली निवड मिळाली, म्हणजे वरून पाहतां पाहुण्याचा केवढा सत्कार! परंतु जुन्या संघांनीं आपले बहुतेक कामाचे तयार खेळाडू आधींच राखून ठेविले होते, आणि नव्याच्या वांट्याला शिल्लक तेवढी आली. पहिल्या हंगामांत 80 सामन्यांपैकीं वॉशिंग्टननें 8 जिंकले आणि 67 गमावले. यांत शिकण्यासारखें हें, कीं होतकरू तरुण म्हणजे आंब्याचें कलम. तें दिल्याबद्दल आभार मानावे. पण ह्या वर्षींच्या उन्हांत त्याच्या सावलीला बसतां येत नाहीं. नव्या संघास पहिल्या वर्षीं जगवितात ते तयार गडी.

हें शहाणपण त्या लीगला सावकाश आलें. 2017 मध्यें लास व्हेगसचा संघ घेतांना प्रवेशाबद्दल 50 कोटी डॉलर घेतले, आणि त्याचबरोबर जुन्या तीस संघांच्या राखण्यावर मर्यादा घातली. एकेका संघानें सात आघाडीचे, तीन बचावाचे व एक गोलरक्षक असे अकरा राखावे, किंवा कोणतेही आठ व एक गोलरक्षक; अगदीं नवख्या तरुणांस ह्या वांटणींतून वगळावें; आणि उरलेल्यांतून नव्यानें प्रत्येक संघाचा एक, एकच, घ्यावा. म्हणजे कोणा एका जुन्या घराचा खांब निखळूं नये, आणि नव्यास तीस घरांतून तीस वासे मिळावे. तो संघ पहिल्याच वर्षीं अंतिम फेरींत गेला, आणि 2023 मध्यें विजेता झाला. 2018 च्या त्या पहिल्या अंतिम फेरींत त्याला हरविलें कोणीं? त्याच वॉशिंग्टननें, आणि वॉशिंग्टनचा तो पहिलाच चषक होता. एकाला नीट वाढलेलें पान मिळालें, तो वर्षाच्या आंत त्या दाराशीं पोंचला. दुसऱ्याला उष्टें मिळालें, त्याला चषक हातीं यावयास 44 वर्षें लागलीं.

परंतु जुन्यांचीही एक बाजू आहे, आणि ती आम्हांस तुच्छ वाटत नाहीं. जो संघ वर्षानुवर्षें तळाशीं राहून चांगल्या तरुणाची वाट पाहत बसला आहे, त्याच्या पुढें काल आलेल्यास उभें करणें हा कोठला न्याय? घरांतील आजाऱ्याचें पथ्याचें दूध पाहुण्याच्या चहांत ओतण्यासारखेंच तें आहे. म्हणून तरुणांच्या रांगेंत व्हेगसला पहिलें स्थान दिलें नाहीं. त्या रांगेचा आरंभ चिठ्ठ्यांनीं ठरतो. त्यांत तळापासून तिसऱ्या संघास जितकी संधि, तितकी व्हेगसला दिली, आणि सहाव्याच्या खालीं जाणार नाहीं एवढें अभय दिलें. चिठ्ठ्यांत त्याचा सहावा क्रमांक आला. 2021 मध्यें सिॲटलच्या संघास हाच नियम लावला, आणि त्याला दुसरा क्रमांक मिळाला. सिॲटलची वांटणी होतांना व्हेगसचा एकही खेळाडू घेतला नाहीं. पण त्याचबरोबर सिॲटलच्या प्रवेशशुल्कांतला वांटाही व्हेगसला मिळाला नाहीं. नव्यानें जुळविलेलें घर लगेच मोडूं नये, आणि ज्यानें दिलें नाहीं त्यानें घेऊंही नये, हा त्यांतला हिशेब आम्हांस फार आवडला.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें आहे. ज्यांनीं नव्याकडून दाराचे पैसे घेतले, त्यांनीं घरांत जागाही दिली पाहिजे. तयार खेळाडूंच्या वांटणींत राखण्यास ठराविक मर्यादा असावी आणि निवडण्याचा हक्क नव्याचा असावा. मात्र एकाच जुन्या संघावर सगळा भार पडूं नये. होतकरू तरुणांच्या रांगेंत आधीं आजारी, मग पाहुणा, मग घरचे. आणि ही सवलत पहिल्या एक-दोन वर्षांपुरतीच असावी. वर्षानुवर्षें पाहुणाच राहणाऱ्यास कोणीही मनापासून घरचा म्हणत नाहीं, आणि त्याला स्वतःलाही तसें वाटत नाहीं.

येथवर आम्हीं संघांचा विचार केला. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोप लागूं दिली नाहीं ती "मला देऊन टाकलं" ह्या तीन शब्दांनीं. वांटणींत भांडीं असतात, शेतें असतात. येथें माणसें आहेत. ज्यास जुन्या संघानें राखलें नाहीं, त्याच्या मनाचें काय? व्हेगसच्या खेळाडूंनीं स्वतःस थट्टेनें 'सोनेरी नकोसे' अशा अर्थाचें नांव घेतलें होतें. त्यांतला विल्यम कार्लसन हा कोलंबसच्या संघानें न राखलेला. आदल्या हंगामांत त्याचे गोल होते 6. नव्या संघाकडून पहिल्याच हंगामांत त्यानें 43 केले. माणूस तोच, हातांतली काठीही तशीच. एका ठिकाणीं तो उरलेला होता, दुसऱ्या ठिकाणीं हवासा झाला.

आम्हांला त्यासाठीं समुद्रापार जाण्याचेंही कारण नाहीं. कऱ्हाडजवळचें गोळेश्वर उंब्रजहून कितीसें दूर आहे? तेथील खाशाबा जाधव ह्यांस 1952 च्या ऑलिंपिकच्या निवडींत प्रथम डावललें गेलें होतें. त्यांनीं दाद मागितली, कुस्ती पुन्हा झाली, ते जिंकले, आणि हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. निवडींत मागें राहिलेला तो गाळच, असें ज्यांस वाटतें त्यांनीं एकदां गोळेश्वरास जाऊन यावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं निवाडा दिला. जुन्या दोन्ही संघांनीं आपापले सहा गडी राखावे. उरलेल्या पांच-पांचांतून नव्यांच्या पुढाऱ्यानें स्वतः पाहून प्रत्येकाचे दोन घ्यावे. जुन्यांनीं त्यांत तोंड घालूं नये. म्हणजे जुने नऊ-नऊ आणि नवे आठ. वरच्या आळीच्या पुढाऱ्यास आमच्या नातवाचेंच नातें, म्हणून त्यानें थोडी कुरकुर केली. "आजोबा, आमच्या घरांत राहून त्यांची बाजू घेतां!" आम्ही म्हटलें, "घर आमचें आहे, म्हणूनच त्यांची बाजू आधीं घेतली पाहिजे."

नव्यांचा पुढारी मुलगा दहाजणांपुढून दोनदां फिरला. त्यानें प्रत्येकाला धांवावयास लाविलें, दम घोंटून "हुतूतू" म्हणावयास लाविलें. त्यानें पाय मुरगळलेला घेतला नाहीं, दम न टिकणाराही घेतला नाहीं. आमच्या धाकट्या पुतण्याच्या मुलापाशीं मात्र तो थांबला. "हा बारका हाय, पण लई चपळ. हाताला घावायचा न्हाई," असें म्हणून त्यानें त्याचा दंड धरून आपल्या बाजूला ओढलें. संघ तोच, ज्यास आदल्या दिवशीं तो 'दिला' गेला होता. परंतु आज त्याला कोणीं दिलें नव्हतें, मागून घेतलें होतें. तो आजीकडे रडत गेला नाहीं. उलट दुपारचें जेवणही घाईघाईनें आटोपून परसांत पळाला.

त्या संध्याकाळीं नवा संघ सपाटून हरला, हेंही येथें सांगितलें पाहिजे. दुसऱ्या दिवशींही हरला. तिसऱ्या दिवशीं आम्ही मारुतीच्या दर्शनाला गेलों होतों. उंब्रजचा हा मारुति समर्थांनीं स्थापिलेल्या अकरांतला एक; व्यायाम करणाऱ्या मुलांचें तें आपलें दैवत. परत आलों तेव्हां परसांत डाव रंगांत आला होता, आणि आजपर्यंत गणतींत नसलेला आमचा तो नऊ वर्षांचा वीर खालच्या आळीच्या दोघां थोरल्यांच्या मिठींतून निसटून मधल्या रेषेवर हात टेकीत होता. कोण जिंकलें तें आम्हीं विचारलें नाहीं. रात्रीं जेवतांना मात्र पंगतींत नव्या घरांचीं चार मुलेंही बसलीं होतीं, आणि घरांतील मंडळींनीं त्यांचीं पानें आधीं वाढलीं.